ओढलं की लागतं

समोरच्या घरी चोरी झाली आणि ग्रंथपालांच्या डोळ्याला डोळा लागेना. चोरांनी नेलं काय, तर एक इस्त्री आणि जुना रेडिओ. पण ग्रंथपालांनी पंधरवड्यात आपल्या दाराला तीन कुलपं बसवली. तिन्ही ओढलं की आपोआप लागणारी, कारण स्वतःच्या हातांवर त्यांचा काडीचा भरवसा नव्हता. अर्ध्या वाटेतून परत येऊन दार ढकलून बघण्याची त्यांची खोड साऱ्या गल्लीला ठाऊक होती.

तिसरं कुलूप बसलं त्या सकाळी बायको ऑफिसला गेली होती, वडील आत झोपले होते आणि गॅसवर दूध होतं. दूध तापेपर्यंत बाहेरून धक्का मारून बघू, म्हणून ग्रंथपाल बनियनवरच बाहेर आले, दार ओढलं, खांदा लावला. दार तसूभरही हललं नाही. समाधानानं त्यांनी किल्ल्यांसाठी हात खाली नेला. किल्ल्या सदऱ्यात होत्या आणि सदरा आत खुंटीवर.

दूध उतू जाणार, शेगडी विझणार, गॅस घरभर पसरणार, आणि वडिलांचं कानाचं यंत्र डबीत. त्यांनी दार बडवलं, हाका मारल्या. बाहेर आल्या त्या शेजारच्या काकू. खिडकीतून शिरा, असं त्यांनी सुचवलं. खिडक्यांना ग्रंथपालांनी मागच्याच आठवड्यात गज लावले होते. काकूंनी कपाळाला हात लावला आणि कोपऱ्यावरच्या किल्लीवाल्याला बोलावलं.

"तीन आहेत हो, चांगली जाड," ग्रंथपाल रडवेले झाले होते. "फोडावी लागली तर फोडा. म्हातारा माणूस आत आहे."

"फोडायची कशाला?" म्हणत किल्लीवाल्यानं एक चपटी पट्टी फटीत सरकवली. खट्. खट्. खट्. दार उघडलं.

शेगडी विझली होती, वास नाकाला झोंबत होता. ग्रंथपालांनी बटण बंद केलं, खिडक्या सताड उघडल्या. वडील कूस बदलून शांत घोरत होते. त्यांना पाहून ग्रंथपालांना भरून आलं.

मग दारात येताच त्यांना ते तीन खट् आठवले. घाबरत त्यांनी विचारलं, एवढ्या सहज?

"ओढून लागतं ते असंच उघडतं, साहेब. तीन लावा नाहीतर तेरा." किल्लीवाल्यानं पिशवी खांद्याला अडकवली, घरावरून एक नजर फिरवली आणि नम्रपणे म्हणाला, "बरं, येतो."

ग्रंथपालांचा चेहरा पांढराफटक पडला.

"कधी?"