मावशींच्या ओळीतल्या लाल खुणा

एस्तेरमावशी रोज पहाटे पवित्र शास्त्रातलं एकच वचन वाचतात आणि ते प्रत्यक्ष करून होईपर्यंत पुढच्याला हात लावत नाहीत. कोल्हापुरात आमची घरं भिंतीला भिंत लागून, त्यामुळे कुठलं वचन चाललंय ते मला न विचारता कळतं. पाहुणचाराचं आलं, तेव्हा विजेचा मीटर बघायला आलेल्या माणसाचीही पिठलं-भाकरी खाल्ल्याशिवाय सुटका झाली नाही. जीभ आवरण्याचं आलं, तेव्हा मावशी चार दिवस बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी गल्लीनं घाबरून डॉक्टर आणला. गुपचूप दान करण्याचं आलं, तेव्हा आमच्या उंबऱ्यावर रोज पहाटे केळी दिसायला लागली. मला वाटलं, करणी! आता मी ख्रिस्ती बाई, करणीबिरणी मानत नाही. म्हणून आधी प्रार्थना केली आणि मगच केळी शेजारच्या म्हशीला घातली.

आज मावशी नव्वदीच्या घरात आहेत आणि मीही आजी झालेय. पण ही गोष्ट मी पन्नाशीत होते तेव्हाची. त्या काळी मी आमच्या चर्चच्या मंडळीतली सगळ्यात धार्मिक बाई होते. म्हणजे, असं माझं मत होतं. वर्षात अख्खं शास्त्र संपवायचंच, असा माझा निश्चय. वंशावळीचे अध्याय मी कुकरच्या तीन शिट्ट्यांत उरकत असे. कोण कुणाचा बाप ते शोधत बसले असते तर डाळ करपली असती. कुणी विचारलं, "आज काय वाचलंत?" की मी डोळे मिटून म्हणे, "फारच सुंदर अध्याय!" डोळे मिटले की पुढचं कुणी विचारत नाही.

मावशी विचारायच्या. "वाचलीस, ब्येस झालं. केलीस का?" दवाखान्यात पस्तीस वर्षं नर्स होत्या, लग्न केलं नाही. "औषधाची चिठ्ठी वाचून ताप उतरतोय व्हय गं?"

महिला मंडळाची सेक्रेटरी मीच. चर्चच्या मागच्या भिंतीवर मी कार्डशीटचा तक्ता लावला होता. प्रत्येकीचं नाव आणि आठवड्याला एक चौकट. वाचन पुढं गेलं की लाल खूण. माझी ओळ जास्वंदीसारखी फुललेली. मावशींची ओळ मात्र कोरी. कारण त्या दोन वर्षं एकाच वचनावर अडल्या होत्या: देवापुढं येण्याआधी भावाशी समेट कर.

भाऊ मुरगूडला. भांडण आम्ही या गल्लीत येण्याआधीचं. आईच्या मातीला भाऊ उशिरा पोचला, तेव्हा मावशी सगळ्या मंडळीसमोर म्हणाल्या होत्या, "पावणं आलं, च्या द्या त्यास्नी." सख्ख्या बहिणीनं पाहुणा ठरवलेला भाऊ तिथूनच परत फिरला. वचन समोर आल्यापासून मावशी प्रभुभोजनाची भाकर वाटायच्या वेळी चर्चमधून उठून बाहेर चिंचेखाली उभ्या राहायच्या.

तेवढ्यात वार्षिक सभेला बाहेरगावचे पाळक, म्हणजे आमचे धर्मगुरू, येणार असं ठरलं. तक्त्यातली ती कोरी ओळ मला पडलेल्या दातासारखी दिसायला लागली. शनिवारी चर्च झाडायच्या निमित्तानं गेले आणि मावशींच्या सगळ्या चौकटी भरून टाकल्या. शास्त्राच्या तक्त्यावर खोटं! आणि वर 'मावशींची लाज राखली' म्हणून स्वतःवरच खूश.

रविवारी मावशी तक्त्यापुढं थांबल्या.

"ह्या कुणी केल्या?"

"मीच, मावशी. ओळ मोकळी बरी दिसत नव्हती."

मला वाटलं, आता माझी चंपी होणार. त्यांनी बोट ठेवून एकेक खूण मोजली. "खूण पडली म्हंजे वाचून झालं. न करता पुढं गेलो, असं माझं कधी झालं न्हाई. उद्या सकाळी मुरगूडला जायचं. तूबी चल. खोटं तू केलीस, खरं करायला मी एकटी का जाऊ?"

एसटीत मावशी माफीची तालीम करत होत्या, तीही खणखणीत आवाजात. "याकोबा, माझं चुकलं, पण तूबी..."

"ते 'पण' काढा की, मावशी," कंडक्टर म्हणाला.

"तू तिकिटं फाड!" मावशी म्हणाल्या. पण 'पण' काढला.

मुरगूडला भावजयीनं आम्हाला खाटेवर बसवलं. भाऊ मागं हातपाय धूत होते, आणि ते धुणं काही संपेना. मावशी माझ्या कानाशी आल्या. आवाज एवढासा.

"दोन वर्षं भ्यालोय गं. रागवायला तरी एक मानूस हाय, असं वाटायचं. आता हा 'जा' म्हनला, तर तेबी ऱ्हायचं न्हाई."

तोंडात सबंध शास्त्र असलेली मी नुसती त्यांच्याजवळ सरकून बसले.

याकोबभाऊ येऊन समोर बसले. जमिनीकडे बघत म्हणाले, "अक्का, डोळा बरा हाय न्हवं?"

"तुला कुणी सांगितलं?"

"मोतीबिंदू काढणार असं कानावर आलतं, त्या दिवशी आलतो की दवाखान्यात. भाईरच्या बाकावर बसलतो दिवसभर. आत यायचं धाडस झालं न्हाई."

त्या दिवशी मावशींना दवाखान्यात मीच नेलं होतं. बाकावरच्या एका माणसाला "जरा सरका, पिशवी ठेवायचीय" म्हणून मी तिथंच दिवसाचा अध्याय काढून बसले होते. वर बघून त्याचा चेहरा काही पाहिला नव्हता. अध्याय, मला आठवतं, शेजाऱ्यावरच्या प्रीतीचा होता.

मावशी घोटून आणलेली माफी साफ विसरल्या. हात पुढं करून त्यांनी भावाचा गुडघा धरला.

"दिवसभर?" त्या म्हणाल्या. "मग दुपारी खाल्लंस काय रं?"