नातेवाइकांना बाहेर बसवणाऱ्या झिराडकर सिस्टर

झिराडकर सिस्टरांना घरी चहाला बोलवायची हिंमत मी एकदाच केली. बायकोनं कप पुढे करत सहज सांगितलं, "आमच्या आईंना बिनसाखरेचाच लागतो." सिस्टर उठल्या, बायकोला हाताला धरून बाल्कनीत बसवून आल्या, दार लोटलं आणि आईला विचारलं, "आई, तुम्हाला कसा हवाय?" आई म्हणाली, "दोन चमचे." आईला डायबेटिस आहे. तेव्हापासून आमच्या घरात दोन पक्ष पडलेत.

"ज्याचा चहा, त्याला विचारा," हे सिस्टरांचं पालुपद. हॉटेलात शेजारच्या टेबलावर नवऱ्यानं बायकोची ऑर्डर दिली, तरी या खुर्ची वळवतात.

पनवेलच्या ज्या कॅन्सर हॉस्पिटलात मी केसपेपर काढतो, तिथे त्या डॉक्टर-नर्सना ट्रेनिंग देतात. किमोनंतर मूल होणं अवघड होऊ शकतं. पण त्याआधी स्त्रीबीज किंवा वीर्य गोठवून ठेवता येतं. म्हणून तरुण पेशंटला वेळेत विचारायचं. विषय एवढाच. तरी दर ट्रेनिंगमधून मी गोंधळून बाहेर पडतो, कारण पेशंट मी असतो. टक्कल, मिशा आणि तोंडावर आलेली रिटायरमेंट यांसकट सिस्टर मला "कुमारी, वय बावीस" करून खुर्चीत बसवतात. सिक्युरिटीचे पाटील माझी आत्या होतात. नवे डॉक्टर येतात, माझ्याकडे बघून लाजतात आणि पाटलांना हळूच विचारतात, "हिचं पुढचं काय ठरवलंय?"

"दिवाळीनंतर बघू," पाटील म्हणतात.

"कॅन्सर आत्याला झालाय का?" सिस्टर कडाडतात. "आत्या, बाहेर!"

पाटील निमूट बाहेर जातात. आता लाजायचं की रडायचं, ते मला कळत नाही. एकदा एका डॉक्टरनं धीर करून मलाच विचारलं, "तुम्हाला पुढे मुलं हवीत का?" मी म्हणालो, "दोन आहेत." त्या दिवशी मी चारचौघांत बोलणी खाल्ली.

मागच्या हिवाळ्यात जासईहून खरीखुरी कुमारी आली. रोशनी. सोबत गळ्यात जाड चेन घातलेला बाप. सोमवारी किमो सुरू व्हायचा होता. आणि ट्रेनिंग झालेल्या आमच्याच डॉक्टरांनी बापाला कोपऱ्यात घेऊन विचारलं! बाप म्हणाला, "माजी पोर वाचली पायजे, साहेब. बाकी कायपन नको." डॉक्टरांनी पेपरवर लिहून टाकलं, "नको."

सिस्टरांना कळलं मात्र, त्यांनी बापाला आणून माझ्या काउंटरपाशी बसवलं.

"मी बाप हाय तिचा!"

"म्हणूनच बाहेर," म्हणत त्यांनी रोशनीच्या खोलीत शिरून आतून कडी लावली.

"काय विचारते ती बाई?" त्यानं माझ्याकडे मोर्चा वळवला. मी इतक्यांदा कुमारी झालो, पण बापाला काय सांगायचं हे मला कुणी शिकवलंच नव्हतं. अडखळत, इकडेतिकडे बघत सांगितलं एकदाचं. तो चेन बोटाभोवती गुंडाळत राहिला.

दार उघडलं. रोशनीचे डोळे लाल होते. "बाबा, मला बीज गोठवून ठेवायचंय."

"मंग मला बोलली का नाय?"

"तुमी विचारलंत कवा?"

बाप उठला आणि स्वतःच डॉक्टरांच्या केबिनकडे गेला. रोशनीचा किमो थोडा थांबवला तरी धोका नव्हता, म्हणून तो पुढे ढकलला.

संध्याकाळी कॅन्टीनमध्ये मी म्हटलं, "सिस्टर, बाप काही वाईट नव्हता हो."

"वाईट कुठे? माझा दादाही नव्हता."

मी नेहमीप्रमाणे गोंधळलो. त्या साध्या आवाजात सांगू लागल्या, "लग्नाआधी मला हाच आजार झाला होता. 'ती जगू दे, बाकी काही नको,' असं दादानं डॉक्टरांना सांगितलं. मी शेजारीच बसले होते. तेव्हा काही करता आलं असतं की नाही, देव जाणे. पण कुणी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही."

मला फार वाईट वाटलं. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. शुक्रवार होता. सिस्टर मराठी ज्यू; त्यांचे दादा इस्रायलला, अश्दोदला स्थायिक झालेत. शुक्रवारी सूर्यास्ताला शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा दिवस लागतो; त्याच्या आत दर आठवड्याला फोन करतात.

"हो दादा, जेवते वेळेवर... गुडघा बरा आहे... हो, पंखा दुरुस्त करून घेतला... नाही रे, एकटी कसली, इथे माणसं आहेत ना."

त्यांनी फोन पालथा ठेवला.

"सगळं विचारतो बिचारा," सिस्टर म्हणाल्या. "तेवढं एक सोडून."