कंदिलातली कॉइल

"अहो, ह्याला अजून किती तार गिळायचीय?" दुर्गाबाईंनी नवऱ्याला विचारलं.

वीरेंद्र तळपदे तारेचे वेढे मोजत राहिला. वेढे मोजताना तोंड उघडलं की मोजदाद पहिल्यापासून, आणि फणसवाडीतल्या शेजाऱ्यांना चौकशीची लहर नेमकी त्याच वेळी येई. वीरेंद्र कचेरीत कारकून होता आणि घरी हौशी रेडिओवाला. सध्या त्याला फार लांब लहरींवरचे जहाजांचे संदेश ऐकायचे होते, आणि त्यापायी त्याचा पाय घरात ठरत नव्हता.

"लहर लांब, तर तार मैलभर हवी," शेवटी तो म्हणाला. "गच्चीवर मावेल तेवढी ताणली, ते एरियल. उरलेली गुंडाळून जोडायची. ही तिची कॉइल. तू निऱ्या घालतेस ना, तसंच."

"मी घालते तेव्हा निदान नेसल्यासारखं दिसतं."

कॉइलला मोठा गोल सांगाडा हवा, आणि तो धातूचा चालत नाही. जिन्याखाली चाळीच्या गेल्या वर्षीच्या आकाशकंदिलाचा बांबूचा सांगाडा पडला होता. वीरेंद्रने तो न विचारता उचलला. विचारलं असतं तर ही गोष्ट घडली नसती.

चाळीचे सेक्रेटरी अण्णा आधीच तापले होते. एरियलच्या बांबूने गच्चीतली वाळवणाची जागा खाल्ली होती. "धनत्रयोदशीच्या संध्याकाळपर्यंत मला त्यातून काहीतरी ऐकव," त्यांनी बजावलं. "नाहीतर बांबू, तार, सगळं खाली. गच्ची तुझ्या एकट्याची नाही."

धनत्रयोदशीच्या सकाळी कॉइल पुरी झाली. तिच्यावर रोगण चढवून वीरेंद्रने ती गॅलरीत वाळत टाकली आणि तो कचेरीत गेला. दिवसभर त्याने बेरजा चुकवल्या. संध्याकाळी धावत परतला, तर चौकात गर्दी. गच्चीवरच्या एरियलच्या बांबूला एक भला थोरला भगवा कंदील लटकत होता. आत दिवा, अंगावर अक्षरं : 'संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!'

गॅलरी रिकामी होती.

"वीरूभाऊ, मानलं तुम्हाला!" पहिल्या मजल्यावरचा बंडू धावत आला. प्रत्येक मोर्चात तो पुढे असे. "सांगाडा तारेने काय मजबूत केलात! आपण फक्त कागद चिकटवला. अण्णा उगाच तुम्हाला नावं ठेवतात."

त्या वर्षांत गिरगावात ती अक्षरं फाडायची म्हणजे हाडं मोडून घ्यायची तयारी हवी. वीरेंद्रची नव्हती. पण कॉइल कागदाच्या आत असली म्हणून कॉइल असायची थांबत नाही. त्याने गच्चीवर जाऊन तिचं एक टोक एरियलला जोडलं, दुसरं खाली खोलीत आणलं. अण्णा हेडफोन लावून बसले. मागे चाळ.

"काय ऐकू येतंय?" वीरेंद्रने नखं खात विचारलं.

"भुंऽऽऽ. लालबागची गिरणी चाललीय."

"तो कंदिलातल्या विजेच्या दिव्याचा आवाज. दोन मिनिटं दिवा बंद करा—"

"धनत्रयोदशीला दिवा विझवायचा?" साऱ्या बायका एकदम ओरडल्या. सर्वांत मोठा आवाज दुर्गाबाईंचा होता.

अण्णांनी हेडफोन काढला. "झालं. बांबू उतरव."

"काय उतरव?" बंडू पुढे सरसावला. "बांबू उतरला की कंदील उतरला! अण्णा, त्याच्यावर काय लिवलंय वाचलंत?"

अण्णा परवाच्याच संयुक्त महाराष्ट्राच्या सभेत अध्यक्षांच्या शेजारी बसले होते.

"ऐका रे सगळे!" बंडू गरजला. "संयुक्त महाराष्ट्र होईस्तोवर हा कंदील खाली येणार नाही!"

टाळ्या पडल्या. अण्णांनीही वाजवल्या, जरा मागाहून.

दिवाळी सरली, आतला दिवा निघाला, आणि एका पहाटे वीरेंद्रला दूरवरच्या जहाजाची पुसट टिकटिक ऐकू आली. त्यानंतर तर पुढचं जहाज ऐकायला तो आणखीच बेचैन झाला. दर दिवाळीला कंदिलावर नवा कागद चढे. मोर्चे निघत तेव्हा वीरेंद्र घोषणा देई, पण जरा बेताने.

अखेर साठ सालचा एक मे उजाडला. पेढे वाटत अण्णा दारात आले. "तोंड गोड कर. झाला ना संयुक्त महाराष्ट्र? आता बांबू उतरव."

वीरेंद्रने पेढा हातातच धरला. गॅलरीत बंडू उभा असल्याची खात्री करून तो मोठ्याने म्हणाला, "आणि बेळगाव, अण्णा? कारवार? निपाणी?"

"च्यायला, बरोबर!" बंडू कडाडला. "बेळगावशिवाय कसला संयुक्त? कंदील हलणार नाय!"

अण्णा पेढ्यांचं ताट घेऊन पुढच्या दाराकडे वळले.

"तुम्हांला बेळगावचं एवढं प्रेम कधीपासून?" दुर्गाबाईंनी विचारलं.

"आत्तापासून," वीरेंद्र म्हणाला, आणि पेढा तोंडात टाकून त्याने हेडफोन चढवला.