दुसरी चाल घरी आणिली त्याची हकीकत

श्रोते हो, चित्त स्थिर करावे आणि मोबाइल बंद करावे. लिफ्टदुरुस्तीचे सरदार, पोलादी दोरांचे धनी, अडकलेल्यांचे कैवारी राजमान्य राजश्री लिफ्टराव यांणी सोनाटा नामे पियानोच्या लांबलचक रचनेचा दुर्गम मुलूख निव्वळ कानांच्या बळे कैसा सर केला, ते वर्तमान येथे लिहिले आहे. ऐकिले तैसे लिहिले, पदरचे घातले ते थोडके.

मोहिमेचे कारण ऐसे जाहले जे, राजश्रींचे कुटुंब, सौभाग्यवती बाईसाहेब, यांणी मुले मार्गी लागल्यावर पियानोची विद्या आरंभिली, आणि बोटे दुखेतो मेहनत करून मागील साली वाचनालयाच्या सभागृही भर मजलिशीत एका जुन्या सोनाटाचा पहिला भाग वाजवावयास घेतला. आरंभ नामी जाहला. मग काही सूर ठाम वाजले आणि क्षणभर शांतता जाहली, आणि राजश्रींस वाटले की फत्ते जाहली, आणि त्यांणी पुढल्या रांगेतून टाळ्यांचा ऐसा भडिमार केला की अवघी मजलिस त्यांस सामील जाहली. बाईसाहेब गोंधळून उठल्या, लवून मुजरा केला आणि मंचावरून उतरल्या. त्या भागाचा अर्ध्याहून अधिक ऐवज वाजवावयाचा राहिला होता. लोकांनी तारीफ केली की वाजवले छान, आणि आटोपशीर.

बाईसाहेब रागे भरल्या नाहीत, हे अधिकच भयंकर. साल उलटले, मजलिशीची तारीख पुन्हा लागली, तेव्हा भाजी चिरता चिरता फर्मान सुटले, "अहो, या वेळी मी पूर्ण वाजवणारे. कुठे संपतं ते कळत नसेल तर घरीच बसा." राजश्रींचे तोंड उतरले. बाईसाहेबांचा पराक्रम परक्यांनी पाहावा आणि आपण घरी भिंत पाहावी, हे त्यांस सोसेना.

मग राजश्री लिफ्टची तपासणी करण्याच्या मिषाने गुरुबाईंच्या इमारतीत दाखल जाहले. गुरुबाई म्हणजे बाईसाहेबांस पियानो शिकविणाऱ्या. चष्मा कपाळी चढवून घरभर चष्मा शोधणाऱ्या. त्यांणी वाजवून दाखविले आणि समजाविले की, पहिली चाल घरच्या सुरात, म्हणजे जेथून सोनाटा निघाला त्या सुरात, बसते, डावा हात एकाच सुरावटीचे तुकडे करून जात्यासारखा फिरतो, त्यास भुलू नये; मग वाट वळते आणि दुसरी चाल, जी नाजूक, ती पाचव्या सुराच्या परक्या घरी जाऊन उतरते, आणि तेथे ठाम सूर वाजतात.

राजश्रींच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. "म्हणजे बाई, गाडी पाचव्या मजल्यावर थांबली, आणि मी समजलो तळमजला आला?"

"अगदी! आणि स्वतः उतरलात ते उतरलात, सगळ्यांना उतरवलंत."

पुढे कळले की त्यानंतर दोन्ही चालींची मोडतोड होऊन मोठा दंगा माजतो, मग पहिली चाल घरी परतते, आणि मागून दुसरीही येते, परंतु या खेपेस घरच्याच सुरात. आणि तिला घरी आणल्यावाचून तो भाग संपत नाही. आणखी एक दगा सांगितला. वळण दोन्ही खेपेस सारखेच दिसते, आणि बोटे सवयीने जुन्याच वाटेस लागून परक्या घरी जातात. भलेभले फसतात.

तेव्हापासून राजश्रींनी कानांची कवायत मांडिली. बाईसाहेबांनी बाहेरच्या खोलीत वाजवावे, आणि राजश्रींनी भांडी घासता घासता "घर!" किंवा "वर!" म्हणून ललकारावे. प्रथम शिकस्तच जाहली. दंग्याच्या ऐन मध्यावर राजश्री "घर!" म्हणाले, आणि पियानोचे झाकण आपटल्याची खबर शेजाऱ्यांसही पोचली. परंतु राजश्रींनी चिकाटी सोडिली नाही, आणि ठाव लागू लागला, आणि अखेर मजलिशीस येण्याची परवानगी मिळाली. शर्त एकच की दोन्ही हात मांडीखाली दाबून बसावे, आणि हुकमावाचून काढू नयेत.

मजलिशीचा दिवस उगवला. राजश्री पुढल्या रांगेत हातांवर बसले. बाईसाहेबांनी पहिली चाल मांडिली, दुसरी पाचव्या घरी उतरविली, ठाम सूर वाजले. राजश्री हलले नाहीत. दंगा माजला आणि शमला. पहिली चाल सुखरूप परतली. मग वळण आले, आणि बोटे जुन्या वाटेस लागली, आणि दुसरी चाल पुन्हा परक्याच घरी जाऊन उतरली. ठाम सूर वाजले आणि बाईसाहेब थबकल्या. मजलिशीने टाळ्या पिटल्या. शेजारच्या गृहस्थाने राजश्रींस कोपर मारून म्हटले, "अहो, वाजवा की, तुमच्याच ना त्या?"

राजश्रींनी हात अधिकच दाबिले. बाईसाहेब अर्ध्या उठल्या होत्या, आणि त्यांची नजर नवऱ्याकडे गेली, आणि तो एकटा माणूस हात दाबून, मान जोरजोराने हलवीत, हनुवटीने खाली, खाली, खाली ऐसे खुणावीत होता.

बाईसाहेब बसल्या. टाळ्या विरल्या. मग त्यांणी पहिली चाल पुन्हा उचलिली, आणि वळणावर श्वास रोखून नवी वाट धरिली, आणि दुसरी चाल अलगद घरच्या सुरात उतरली. अखेरचे सूर वाजले. परंतु दोन वेळां फसलेली मजलिस आता टाळी वाजवीना. जो तो राजश्रींकडे पाही, आणि राजश्री हुकमाची वाट पाहत तैसेच बसलेले.

"अहो," बाईसाहेब मंचावरूनच म्हणाल्या, "आता वाजवा ना!"

राजश्रींनी हात काढिले. ते पार बधीर जाहले होते. एक हात दुसऱ्यावर आपटू लागले, परंतु आवाज फुटेना. बोटे बोटांस लागेनात, आणि डोळ्यांतून पाणी वाहू लागले, ते पुसावयासही हात चालेना. बाईसाहेबांनी मुजरा केला तो त्यांजकडे वळून केला.

येणेप्रमाणे सोनाटाचा पहिला भाग अखेरपर्यंत वाजून दुसरी चाल घरी दाखल जाहली. आपले तर्फेचे नुकसान, दोन हात, घरी पोचेतो बधीर. ते बाईसाहेबांनी वाटभर आपल्या हाती धरून चोळिले. बाकी खैरियत.