नाताळचा अर्थ, जास्तीत जास्त आठ शब्दांत

मिस रोझारियोंच्या पत्राला मनोहरराव पटवर्धनांनी उत्तर दिलं नव्हतं. पत्र मागच्या डिसेंबरातलं. बँकेत तीस वर्षं शेजारच्या टेबलावर टायपिंग केलेल्या या बाई आता एस्प्लनेडमागच्या गल्लीत एकट्याच राहत. ‘बड्या दिनाला यंदा माझ्याकडे कोणी नाही. याल का? दोन ओळी टाका, म्हणजे केक केवढा करायचा ते कळेल.’ एवढंच पत्र. मनोहररावांनी उत्तराचे सतरा मसुदे केले. ‘येतो’ हे आगाऊ वाटलं, ‘नक्की येतो’ त्याहून आगाऊ. मन घट्ट होईपर्यंत मार्च उजाडला.

यंदा त्यांनी अठरावा मसुदा हाती घेतला, तोच डमडमच्या त्यांच्या सोसायटीनं त्यांना नाताळ उत्सव समितीवर घेतलं. मागच्या वर्षी बिर्याणी, अंताक्षरी आणि लकी ड्रॉ झाला, पण नाताळ कुठे होता, अशी लेखी तक्रार आली होती. तिची गंभीर दखल घेऊन ‘अर्थशोधन उपसमिती’ स्थापन झाली. सोसायटीत पुस्तकं असलेलं घर एकच. त्यामुळे निमंत्रक, सदस्य आणि कोरम, तिन्ही मनोहररावच.

“ख्रिस्ती अर्थ हवाय, दादा,” सचिव घोषालबाबू म्हणाले. “चोवीस तारखेपर्यंत. फ्लेक्सवर आठ शब्दांची जागा आहे. बाकी केकवाल्याची जाहिरात.”

मनोहररावांनी महिनाभर वाचून बेचाळीस पानांचं टिपण सादर केलं. तळाशी नेहमीच्या संकोचानं लिहिलं, ‘वरील सर्व चुकीचं असू शकतं.’

घोषालबाबूंनी फक्त तळ वाचला. “हे छान आहे. पण पाचच शब्द होतात.”

घरी पत्नी सुचित्राबाई म्हणाल्या, “अहो, त्या बाई वाट बघत असतील. सरळ जाऊन या की!”

“उत्तर न देता कसं जायचं? बरं दिसत नाही.”

“आणि वर्षभर उत्तर न देणं शोभून दिसतं!”

चोवीस तारखेला त्यांनी एकोणिसावा मसुदा पाकिटात घातला. त्यात एकच शब्द होता, ‘येतो.’ फाटकाशी गव्हाणीचा देखावा तयार होता. बाळ येशू बाजारात मिळाला नव्हता, म्हणून गवतावर सांताक्लॉज निजवला होता. त्याचे बूट मेंढीच्या तोंडाशी आले होते.

“लांबून कोणाला कळतंय?” घोषालबाबू म्हणाले.

पुढे पोस्टाची पेटी. ती मुळात लाल, म्हणून समितीनं तिचाही सांताक्लॉज केला होता. पत्र टाकायच्या फटीवर कापसाची दाढी चिकटवली होती.

“दाढी जरा बाजूला...”

“ठराव झालाय, दादा. सव्वीसला उतरवू.”

मनोहरराव मेट्रोनं एस्प्लनेडला आले. बिनदाढीची पेटी शोधत गल्लीत शिरले, एक सापडली, पाकीट फटीशी नेलं.

“पटवर्धनबाबू!” पेटीवरच्याच गॅलरीतून हाक आली. मिस रोझारियो! “कुणाला पत्र टाकताय?”

“तुम्हालाच. उत्तर आहे.”

“मग वर या ना!”

“आधी तुम्हाला मिळू दे. मग येतो.”

मिस रोझारियो कठड्यावर रेलल्या. “बाबू, देवानंही आधी पत्रंच पाठवली. शेवटी स्वतःच यावं लागलं.”

मनोहरराव थबकले. ‘देवानंही’पासून बोटांवर मोजलं. नेमके आठ! खिशात दुसरा कागद नव्हता. त्यांनी पाकिटाच्या पाठीवर ते वाक्य उतरवून घेतलं, खाली तारीख घातली, पुन्हा एकदा मोजलं आणि बँकेतल्या सवयीप्रमाणे, लिहून झालेला कागद पुढे सरकवला.

टप्पकन आवाज आला. पेटीवर पाटी होती, ‘पत्रं काढण्याची पुढील वेळ २६ डिसेंबर. उद्या नाताळची सुट्टी.’

अर्थ कुलपात गेला होता आणि घाबरल्यामुळे त्यातला एकही शब्द आठवेना.

“मघाशी काय म्हणालात, पुन्हा सांगता?”

“वर या, सांगते. उद्याचा केक आजच कापू.”

मनोहरराव जिना चढले. डमडमला फ्लेक्स वेळेत लागला. आठ शब्दांची जागा कोरी होती, तक्रार एकही आली नाही.

वाचकहो, हे वाचताना तुम्हालाही कोणी एकटं आठवलं असेल. त्यांना ही गोष्ट लगेच फॉरवर्ड करा. म्हणजे जायला नको.