सियामकच्या डोक्यावरचा चौक

"अंबाडा घालतो तो पोरगा! अंबाडा!" सियामकने चहाचा पेला बशीत आपटला. "उद्या वेणी घालेल, परवा रिबीन लावेल. आणि असल्याला मी मुलगी देऊ?"

महनाझने नवऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती शुक्रवारसाठी काकड्या निवडत होती. शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता आरश नावाचा तो अंबाडेवाला आपल्या आईला घेऊन तरानेला मागणी घालायला येणार होता.

तराने मात्र शांतपणे म्हणाली, "बाबा, तुम्ही नाही म्हणालात तर मी वाद घालणार नाही. फक्त केस सोडून दुसरं एक कारण सांगा."

ते एक कारण सियामक चार दिवस शोधत होता. पोरगा धरणावर इंजिनिअर होता, सिगारेट ओढत नव्हता, आईचं ऐकत होता. मेल्यात नाव ठेवायला जागाच नव्हती.

केसांच्या बाबतीत सियामक स्वतःला मोठा अधिकारी समजे. आता त्याच्या कानांवर दोन झुपके काय ते उरले होते. पण हायस्कुलातल्या केसांची कथा तो घरच्यांना वीस वर्षं ऐकवत होता. तेव्हा म्हणे त्याचे केस कॉलरवर रुळत. पर्यवेक्षक सोहराबी सर सकाळी रांगेतून केस कापायचं मशीन घेऊन फिरत. कुणाचे केस लांब दिसले की कपाळापासून मानेपर्यंत एक पट्टा आणि या कानापासून त्या कानापर्यंत दुसरा. पोरं त्याला चौक म्हणत. "माझ्या डोक्यावर तीनदा चौक पडला, पण हा सियामक वाकला नाही!" बाकीच्या वर्गाला तो कस्पटासमान लेखे. मनुचेहरच्या डोक्यावर मेंढी बसली होती आणि परवीझने केसांना इतकं तेल चोपडलं होतं की त्यात वांगी तळता आली असती.

त्याच मनुचेहरचा बुधवारी फोन आला. तो सत्तावीस वर्षं स्वीडनमध्ये होता. दहा दिवसांसाठी आला होता आणि शनिवारी परत निघणार होता. फोन ठेवताना सियामक रीतीप्रमाणे म्हणाला, "अरे, शुक्रवारी जेवायलाच ये ना! घर तुझंच आहे."

यावर मनुचेहरने 'नको, उगाच त्रास' म्हणायचं, सियामकने आग्रह करायचा, असं तीनदा झालं की दोघांनी सुटकेचा निःश्वास टाकायचा, ही शिराझची रीत. पण सत्तावीस वर्षांत मनुचेहर ती साफ विसरला होता.

"येतो की! किती वाजता?" तो म्हणाला आणि तासाभरात त्याने वर्गाच्या ग्रुपवर टाकलं, 'सियामकने सगळ्यांना बोलावलंय.' यावर सियामक काय लिहिणार? त्याने रीतीप्रमाणे लिहिलं, 'माझ्या डोळ्यांवर पाय ठेवून या.'

"आता तुमच्या डोळ्यांवर शिजवा भात!" महनाझ कडाडली.

शुक्रवारी दुपारी नऊ जण आले. नऊच्या नऊ टकले. त्यांच्याबरोबर मनुचेहरने गंमत म्हणून खुद्द सोहराबी सरांना आणलं होतं. सर शहाऐंशीचे होते, पण त्यांची नजर अजून डोक्यांवरून फिरत होती. आता कापण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून ते जरा खिन्न दिसत होते. जेवणं झाली, टरबूज झालं, आणि सव्वाचारला मंडळी निघाली. निघाली म्हणजे दारात उभी राहिली. दारातला निरोप आमच्याकडे पाऊण तासाच्या आत उरकत नाही. पाच वाजले तरी ती दारातच होती आणि समोरून फुलं, मिठाई, आई आणि अंबाडा आला.

"आधी तुम्ही या." "छे, आधी तुम्ही निघा." "तुमच्यापुढे आम्ही कसं जाणार?" दहा मिनिटं कुणीच हलेना. शेवटी तोडगा निघाला तो असा की सगळेच आत आले.

आता दिवाणखान्यात मागणी घालायला दोन माणसं आणि ऐकायला दहा परकी. मनुचेहर आरशच्या डोक्याकडे बघून खुशीत हसला. "वा! आमच्या शाळेत असतास तर सरांनी चौक पाडला असता."

सियामकला हवीच होती तशी संधी मिळाली. त्याने छाती पुढे काढली. "आमचे केस म्हणजे केस होते, बाळा. बंड होतं त्यात! माझ्या डोक्यावर तीनदा चौक पडला. विचार सरांना."

सरांनी त्याला नीट न्याहाळलं. "तुझ्या? छट्! तू तर भीतीने आधीच डोकं अंड्यासारखं गुळगुळीत करून यायचास. तू माझ्या मशीनची पेटी धरायचास. आणि कुणाचे केस टोपीखाली लपलेत, तेही कानात सांगायचास. गुणी मुलगा!"

नऊ टकलं हळूहळू सियामककडे वळली.

"म्हणजे माझी टोपी..." परवीझ म्हणाला.

"पस्तीस वर्षं मी शाळेच्या त्या बिचाऱ्या शिपायाला चुगलखोर समजून शिव्या दिल्या!" मनुचेहर म्हणाला. "भित्र्या लेका!"

तराने चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. सियामकला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. वर्ग काय म्हणतो याचं त्याला काही नव्हतं. पण पोरीला तो वीस वर्षं शूर बाप विकत आला होता.

आरशला त्याची दया आली. विषय बदलावा म्हणून तो अदबीने म्हणाला, "काका, तुम्ही म्हणाल तर मी केस कापून टाकतो. आत्ताच."

चार दिवस सियामकला हेच तर हवं होतं. पण सोहराबी सर लगेच बाह्या सारून उठले. "शाब्बास! सियामक, कात्री आण."

आणि सियामक उठला! सवयीने, मान खाली घालून, थेट स्वयंपाकघराकडे निघाला. दारात तराने होती. ती फक्त त्याला वाट द्यायला बाजूला सरकली. ते त्याला फार लागलं.

तो गर्रकन वळला. "नाही आणणार!"

"काय?" सर म्हणाले.

"नाही आणणार, सर! माझ्या जावयाच्या केसांना कुणी हात लावायचा नाही!"

आपण 'जावई' म्हणून बसलो, हे त्याच्या ध्यानात येत होतं. तेवढ्यात आरशच्या आईने आनंदाचा चीत्कार केला, महनाझने मिठाईचा डबा फोडला आणि नऊ टकल्यांनी टाळ्या पिटल्या.

सोहराबी सर खाली बसले आणि कौतुकाने महनाझला म्हणाले, "शाळेत असताना हे असं एकदा बोलला असता, तर मी याला केस वाढवू दिले असते."