भजी तुमची, कागद माझा

इंदाक्कांची आणि माझी ओळख मिरचीभज्यांमुळे झाली. एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर साल असेल. धारवाडात सप्तापूरला नवीनच खोली घेतली होती आणि कोपऱ्यावरून भजी बांधून आणत होतो. शेजारच्या दारात उभ्या असलेल्या बाईंनी मला थांबवलं, पुडा काढून घेतला, गरम भजी माझ्या तळहातावर उलटी केली आणि तो तेलकट कागद उन्हाकडे धरून म्हणाल्या, "भजी तुमची, कागद माझा. आगबोटीचं चित्र आहे की हो याच्यावर!"

माझ्या हाताला फोड आला. तो मात्र त्यांनी मागितला नाही.

अक्का मुलींच्या शाळेत शिवण शिकवायच्या. चाळिशी उलटलेली, लग्न नाही, एक खोली आणि त्या खोलीत कागद. पेढ्याच्या खोक्यांवरचे, रिळांवरचे, साबणाचे, काडेपेट्यांचे. बसची तिकिटं त्या इस्त्री करून ठेवत. कुणी काही फेकायला हात उचलला की त्या लांबूनच ओरडत, "इरली, इरली!" कानडीत इरली म्हणजे असू दे. आमच्या हिचं माहेरचं पत्र अर्धं वाचून व्हायच्या आत पाकिटाला "वहिनी, इरली हं" झालेलं असायचं.

एकदा हुबळी स्टेशनावर तिकीट तपासनिसाने अक्कांकडे तिकीट मागितलं. "बघा की, पण इरली माझ्याकडं," म्हणून अक्का अडून बसल्या. अर्धा तास वाद झाला. शेवटी त्या गृहस्थाने हात टेकले आणि ते तिकीट तर दिलंच, वर आपल्या खिशातली दोन जुनीही देऊन टाकली. अक्कांनी त्याला चहा पाजला.

अशा बाईचे वडील कसे असावेत? अप्पा रेल्वेच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, हुबळीजवळ उणकलला एकटे राहायचे आणि घरात कागदाचा कपटा म्हणून ठेवायचे नाहीत. "कागद म्हणजे वाळवीला आमंत्रण," म्हणून जे येईल ते सकाळी अंघोळीच्या बंबात. लग्नपत्रिकासुद्धा वाचून लगेच बंबात, मग लग्नाची तारीख विसरायची आणि आमच्या अक्कांना विचारायची. गंमत म्हणजे इरली हा शब्द अप्पांचाही होता. पण त्यांच्या तोंडी त्याचा अर्थ 'नको' असा. स्वेटर विणून दिला, इरली. डॉक्टरकडे जाऊ या, इरली. सप्तापूरला राहायला या, इरली. एकाच शब्दावर बापलेकीचा संसार चालला होता, फक्त दोन टोकांनी.

अप्पांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होणार होती. अक्कांनी ठरवलं, त्यांना स्वतःच्या हाताने वही करून द्यायची. जमवलेल्या कागदांची.

"अहो, ते बंबात घालतील," मी म्हणालो.

"घालू देत. घातली तर मी पण हे सगळं बंद करते. एकदा बघायचंय मला."

मग महिनाभर आमच्या आळीला खळीचा वास आला. चिठ्ठ्या, लेबलं, चोळीच्या खणांचे तुकडे, सगळं पानापानावर चिकटवलं गेलं. वही इतकी फुगली की मिटेना. वजनाला आमचा पाटा नेला, वरवंटा नेला, शेवटी मला नेलं. "अण्णा, जरा बसा." वही, वर लाकडी पाट आणि पाटावर मी. नेमके तेव्हाच आमचे हेडक्लार्क मला शोधत आले. मी उठायला लागलो तशा अक्का किंचाळल्या, "उठलात तर पानं फुगतील!" साहेब उभे आणि मी बसलेला, असं आमचं ऑफिसचं काम झालं. माझी बढती त्या वर्षी हुकली ती का, हे मी हिला अजून सांगितलेलं नाही.

परकराच्या नाडीने वही बांधून आम्ही दोघं उणकलला गेलो. अप्पा बंबापाशीच बसले होते. हे काही शुभलक्षण नव्हतं. त्यांनी नाडी सोडली, थुंकी लावून पानं उलटली. मधल्याच एका पानावर थांबले. मग वही मिटली, तोंड भिंतीकडे केलं आणि म्हणाले, "इरली."

अक्का चहासुद्धा न घेता निघाल्या. सप्तापूरला उतरल्यावर त्यांनी हातातलं तिकीट रस्त्यावर टाकलं. अक्कांनी तिकीट टाकलं! मी ते गुपचूप उचलून खिशात ठेवलं. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम त्यांच्या दारावरून भजी नेली, तर म्हणाल्या, "खावा की, थंड होतील." मला खरंच भीती वाटली.

पंधरा दिवसांनी न राहवून मी एकटाच उणकलला गेलो. बंब करवंट्यांवर पेटला होता. वही उशाच्या ट्रंकेवर होती, वर धुतलेला टॉवेल. अप्पांनी ते मधलं पान उघडून मला दाखवलं. वाणसामानाची यादी, पेन्सिलीने लिहिलेली. चहा, कापूस, उडदाची डाळ, आणि शेवटी 'यांना खोकल्याचं औषध'.

"पोरीच्या आईच्या हातचं आहे," अप्पा म्हणाले. "ती गेली तेव्हा बघवेना म्हणून मी सगळं बंबात घातलो. पोरगी तेव्हा लई रडली. चहाच्या डब्याखाली हे एक ऱ्हायलं होतं वाटतं."

"मग तुम्ही इरली का म्हणालात?"

"म्हटलो की! इरली. असू दे माझ्यापाशी. अजून काय म्हणायचं असतंय?"

मग वहीचं शेवटचं कोरं पान काढून, जरा लाजत, त्यांनी विचारलं, "तुमच्याकडं एखादा कागद आहे काय? माझ्या घरात एक सापडेना." मी खिशातलं तिकीट दिलं आणि ते कुठलं तेही सांगितलं. त्यांनी उठून सकाळच्या भाताची चार शितं आणली आणि ते वाकडंतिकडं चिकटवलं.

परतल्यावर मी अक्कांच्या दारात उभ्या उभ्या सगळं सांगितलं. त्या शिवणयंत्रावर हात ठेवून ऐकत होत्या. त्यांचे डोळे भरून आले. शेवटी पदराने नाक पुसून त्या म्हणाल्या, "भातानं?"

"हो."

"भातानं चिकटवलं? मुंग्या लागतील की हो!" आणि खळीचा डबा काखोटीला मारून, दार उघडंच टाकून त्या उणकलच्या बसकडे धावत सुटल्या.